माझ्या पोटातला हिवाळा

मी एक जुनी थंड पेटी आहे. फ्रिज म्हणालात तरी चालेल, पण दूध आणि उरलेलं कालवण सांभाळणाऱ्या घरगुती फ्रिजांच्या पंगतीला मला बसवाल तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. मित्रांनो, मी हिवाळा सांभाळला आहे. अख्खा हिवाळा, माझ्या पोटात, एकावर एक अशा फळ्यांवर. बाहेर लोक घामाने निथळत असायचे, पंख्याखाली जागेवरून भांडायचे, आणि माझ्या काचेच्या दाराआड इवलीशी रोपं थंडीत अंग चोरून बसलेली असायची.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवणारे, नळ्या जोडणारे, दाराला रबर बसवणारे असे कितीतरी हात माझ्या अंगावरून फिरले. सगळ्यात शेवटी एका बाईने ओल्या फडक्याने माझी काच पुसली, तिच्यात पाहून स्वतःचे केस नीट केले आणि मला पुढे ढकललं. जगात आल्या आल्या कुणीतरी माझ्याकडे पाहून नीटनेटकं झालं. तेव्हापासून मला थोडी घमेंड आहे आणि ती मी लपवत नाही.

पहिली नोकरी एका फुलवाल्याकडे. माझ्यात कापलेली फुलं ठेवायचे. लोक काचेला नाक लावून म्हणायचे, "काय ताजी आहेत हो!" ताजी कसली? देठातून तोडलेली ती. आज ना उद्या मान टाकायचीच. मी आपली थंडी घालून त्यांची लाज राखत होते. पुढे दुकान बंद पडलं आणि मला वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेने उचललं. जुना माल म्हणून आले. दाराचा खटका सैल, एका बाजूला पोचा. शेजारच्या चकचकीत यंत्रांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नघरात कुणी चिखलाचे पाय घेऊन आलं आहे. मी म्हटलं, बघा हो बघा, पोचा माझ्या पत्र्याला आहे, थंडीला नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या माझ्या मधल्या फळीपर्यंतच पोचायच्या, पण त्या खोलीत शिरल्या की उंच उंच माणसं खुर्चीतून उठायची. त्यांच्या हाताखाली एक मुलगी काम करायची. आवाज बारीक, चाल भराभर, म्हणून तिला नाव पडलं चिमणी. माझी सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. दोन्ही हातांत ट्रे असले की ती माझं दार कमरेने ढकलून लावायची. धप्! आणि वर म्हणायची, "नीट बस गं म्हातारे." सैल खटक्याला तेवढा धक्का लागायचाच. मला राग यायला हवा होता. आला नाही.

आता ती रोपं कसली, ते सांगते. मोहरीच्या नात्यातलं एक किरकोळ तण. रस्त्याच्या कडेला उगवलं तर तुम्ही चपलेखाली चिरडून पुढे जाल. पण त्याच्या अंगातलं कौतुक ऐका. त्याच्यात एक जनुक आहे, उंबऱ्यावर बसलेल्या खाष्ट सासूसारखं. फूल बाहेर यायला निघालं की ते म्हणतं, "कुठे निघालीस? अजून वेळ आहे." लांबलचक थंडी अंगावरून गेली, की त्या सासूचं तोंड हळूहळू बंद होत जातं. आणि खरी गंमत पुढेच आहे. थंडी सरते, ऊब येते, तरी ते तोंड बंदच राहतं. रोपाच्या लक्षात असतं की हिवाळा होऊन गेला.

मित्रांनो, त्याला डोकं नाही. डोळे नाहीत. तरी त्याच्या लक्षात राहतं! मी शाळेची पायरी चढले नाही, माझं शिक्षण म्हणजे काचेतून ऐकलेलं तेवढंच. पण पहिल्यांदा हे कळलं तेव्हा माझी मोटर क्षणभर चालायची थांबली होती. लोक म्हणाले, वीज गेली असेल. म्हणू देत.

ही आठवण कुठे असते, कशी टिकते आणि कशाने पुसते, हाच चिमणीचा अभ्यास होता. तिची काही वर्षं त्यात गेली होती. बाहेरून पाहुणे येणार होते. काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ते ठरवणार होते. गुंडाळलं असतं तर चिमणीला रिकाम्या हाताने घरी जावं लागलं असतं. ती दिवसातून कितीदा तरी माझ्या काचेत डोकवायची. तिचा श्वास काचेवर उमटायचा आणि विरायचा.

माझ्या पोटातला हिवाळा पुरा झाला. रोपं बाहेर काढायची वेळ आली. तेवढ्यात निरोप आला की पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर येत आहेत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "फुलं दिसली पाहिजेत त्यांना. नुसती पानं काय दाखवायची? सगळे ट्रे उष्ण खोलीत टाक. भरपूर ऊब, भरपूर उजेड. पटापट वाढतील."

"बाई, एकदम एवढ्या उन्हाळ्यात?" चिमणी चाचरली.

"हिवाळा झालाय ना पुरा? मग आता वाट कशाची बघायची?"

ट्रे निघाले. शेवटचा एक राहिला, कोपरा फुटलेला. तो पाहुण्यांना दाखवायचा नाही, असा त्या प्रयोगशाळेचा रिवाज होता. फुटका ट्रे म्हणजे गलथान काम. चिमणीने तो माझ्या शेजारच्या खिडकीत सरकवला. तिथे हवा गार असायची, ऊन कोवळं. पाणी घालायची तेवढी ती विसरत नसे, पण बघायला तिला सवड कुठे होती?

पाहुणे आले. उष्ण खोलीतली रोपं टरारून वाढली होती, पानंच पानं. कळी औषधाला नव्हती. पाहुणे सभ्य होते. त्यांनी घसे साफ केले, एकमेकांकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा येऊन बघू, मग ठरवू, असं सांगून गेले.

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. मोठ्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पेटीच खोटं बोलते आहे. काटा गार दाखवतो, आत कोमट असणार. जुना माल तो जुना मालच."

खोटं? मी? ज्या बाईला स्वतःच्या कपाटातली बिस्किटं मुंग्यांपासून सांभाळता येत नव्हती, तिने मला शिकवावं! पण आमच्यासारख्यांना तोंड नसतं. मी नुसती घरघरले.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने मला मागून पुढून तपासलं, आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "बाई, बोटं बधिर झाली माझी. ही म्हातारी तुमच्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग फुलं का नाही आली?"

"ते मला काय विचारता? मी फ्रिजवाला. फुलवाला वेगळा."

तरी बाईंचं मन वळेना. नवी पेटी मागवली आणि मला न्यायला भंगारवाल्याला सांगितलं. चिमणी माझ्या पायथ्याशी बसली आणि तिने आईला फोन लावला. आईचा आवाज एवढा खणखणीत, की तो मलाही ऐकू येत होता.

"तणाला फुलं येईनात म्हणून रडतेस? आमच्या परसात उपटून उपटून हात दुखतात, मेलं फुलायचं थांबत नाही!"

"आई, थट्टा नको गं. सगळं संपलं बहुतेक."

"जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव. संपलं की नाही ते पोटभर जेवल्यावर ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा. चिमणी मला रिकामी करायला आली. फळ्या काढल्या, आतून पुसलं, तार गुंडाळण्यासाठी ती खिडकीकडे वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

फुटक्या ट्रेमधल्या रोपांनी बारीक दांडे वर काढले होते. प्रत्येक दांड्याच्या टोकाला कळ्यांचा झुबका. एक फूल तर उमललंही होतं, तांदळाच्या कण्यांएवढ्या पांढऱ्या पाकळ्यांचं.

"अहो, थांबा!" तिचा चिवचिवाट एकदम किंकाळीसारखा झाला. "हिला हात लावू नका!"

"ताई, मी गाडी एवढी लांबून ओढत आणलीय."

"तुम्ही बसा. पाणी प्या. आज ही जाणार नाही."

भंगारवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. चांगलं नव्हतं ते. मी त्याला माफ केलं.

चिमणीने दोन पानं खुडली, एक उष्ण खोलीतलं, एक खिडकीतलं. या रोपांत तिने अशी सोय केली होती, की एका औषधात पान बुडवून ठेवलं की ज्या ज्या पेशीत ती सासू बोलत असेल ती पेशी निळी पडायची. जिथे ती गप्प, ती पेशी पांढरी. पानं औषधात राहिली, हिरवा रंग निघून जाईपर्यंत धुतली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर आली. पडदा माझ्या काचेसमोरच होता.

खिडकीतलं पान जवळजवळ कोरं होतं. शांत. उष्ण खोलीतल्या पानावर निळे ठिपकेच ठिपके, चांदण्या विखुराव्यात तसे. फिकट निळं कुठेही नाही. प्रत्येक पेशी एकतर गडद निळी, नाहीतर साफ पांढरी. म्हणजे अख्खं रोप मिळून थोडंथोडं विसरत नाही. जी ती पेशी आपापलं ठरवते, मला हिवाळा आठवतो, किंवा मला नाही आठवत. एका बोटावर मावेल एवढ्या पानात इतके जीव, आणि प्रत्येकाची स्वतःची स्मरणशक्ती! मित्रांनो, माझ्या पोटात हिवाळाभर एवढी मोठी वस्ती राहून गेली आणि मी समजत होते, चार पानं सांभाळली.

मोठ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग हळूच म्हणाल्या, "हिवाळा झाला होता. नुकताच झाला होता, कच्चा होता. मीच तो उन्हाळ्यात घालून पुसला."

बाई उठल्या, माझ्यापाशी आल्या, आणि माझ्या पोच्यावरून त्यांनी हात फिरवला. तोंडाने एवढंच म्हणाल्या, "त्या भंगारवाल्याला म्हणावं, नवीन आलेलं खोकं ने." खोकं म्हणजे तोवर येऊन पोचलेल्या नव्या पेटीचा पुठ्ठा. माफी मागायची प्रत्येकाची आपली रीत असते.

पुढे पुन्हा हिवाळा भरला. या वेळी रोपं हळूहळू उबेला आणली. पाहुणे आले तेव्हा फळीभर पांढरी फुलं डोलत होती आणि शेजारी मुद्दाम उन्हाळ्यात घातलेली, सगळं विसरलेली रोपं होती. काम पुढे चालू राहिलं. पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडला तो फुटका ट्रे.

चिमणीची आईही एकदा आली. लेकीने तिला माझ्यासमोर उभं करून समजावलं.

"आई, प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा असतो. सगळा मजकूर त्यावर. तो बारीक बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. थंडीत मजकूर बदलत नाही, फक्त त्या सासूपाशी रिळांवर खुणा होतात आणि धागा तिथे घट्ट आवळला जातो. मग तो वाचताच येत नाही."

"आणि जुनी पेशी जाऊन नवी आली की?"

"पेशीच्या दोन पेशी होतात ना, तेव्हा त्या खुणा दोघींकडे जातात. ज्यांनी थंडी बघितलीच नाही त्यांनाही ती आठवते."

आईने माझ्या काचेवर हात ठेवला. "मग बीलाही आठवत असेल?"

"नाही. बी होताना सगळं पुसलं जातं. नव्या रोपाने आपला हिवाळा आपणच काढायचा."

आई म्हणाली, "बरं आहे बाई. नाहीतर मी काढलेली सगळी थंडी तुझ्या अंगात असती."

चिमणीने आईचा हात काचेवरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून चोळत राहिली. थंड पडला होता तो.

आता माझी मोटर बंद पडली आहे. दुरुस्त होणार नाही, असं तोच मेकॅनिक टोपी काढून सांगून गेला. माझ्यात आता रिकाम्या कुंड्या ठेवतात. माझ्या थंडीत वाढलेल्या रोपांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या, आणि त्यांतल्या एकाही बीला मी आठवत नाही. वाईट वाटतं का? वाटतं थोडं. पण ज्याने त्याने कोऱ्या अंगाने यावं, हेच बरं.

मित्रांनो, मला तुमच्याकडून एकच हवं आहे. कुणी नुकतंच थंडीतून बाहेर आलेलं दिसलं, रोप असो, माणूस असो, तर त्याला लगेच फुलायला सांगू नका. खिडकीत ठेवा. कोवळं ऊन द्या, पाणी घाला. त्याने जे सोसलं ते त्याच्या अंगात पक्कं होऊ द्या. फूल त्याच्या वेळेला येतं. आणि कोपरा फुटलेल्या ट्रेकडे अधूनमधून बघत जा.

मोठ्या बाई आता घरी असतात. त्यांच्या खुर्चीवर चिमणी बसते. तिलाच आता सगळे बाई म्हणतात. केस पांढरे व्हायला लागले आहेत तिचे. रोज सकाळी दोन्ही हातांत ट्रे घेऊन ती नव्या पेटीकडे निघते. वाटेत मी लागते. माझ्यात थंडी नाही, जपायचं काही नाही, दार उघडं राहिलं तरी कुणाचं काही अडणार नाही.

ती न बघता, चालता चालता, कमरेने धक्का देते.

धप्!