नुसतं पाणी

गिरिजाबाईंनी सोलापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून उभी हयात काढली. मुली अभ्यास बुडवायच्या, खोटं बोलायच्या, भिंतीवरून उड्या मारायच्या. त्या सगळ्याला माफी होती. पण एखादी उपाशी झोपली असं कळलं, तर बाई स्वयंपाकिणीला झोपू देत नसत. अशा बाईच्या ताब्यात सुनेनं उपाशी ठेवायची रोपं दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते हेच.

ऋजुताचाही इलाज नव्हता. तिच्या लॅबच्या ग्लासहाउसचं हीटिंग बंद पडलं होतं, आणि इंग्लंडात कॉव्हेंट्रीतल्या त्यांच्या घरात ऊन येणारी उबदार खिडकी एकच, सिंकवरची. ज्वारीची रोपं लावलेल्या वाळूच्या कुंड्या तिथे मांडून ती म्हणाली, "आई, मी वीकभर कॉन्फरन्सला एडिंबराला आहे. ह्यांना नुसतं पाणी घाला. बाकी काही नाही हं."

बाईंनी शब्द पाळला. सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी, दुपारी डाळीचं पाणी, मटकी भिजवली की तिचं पाणी. धुवण मोरीत ओतायचं आणि झाडाला नळाचं घालायचं, असला अधर्म त्यांनी जन्मात केला नव्हता. पिवळी पडलेली रोपं बघता बघता तरारली. बाई मनातून खूश होत्या.

ऋजुता परतली ती बॅग हातात तशीच धरून खिडकीकडे बघत राहिली.

"आई, ही हिरवी कशी झाली?"

बाईंनी कौतुकानं सगळं सांगितलं. सून बॅग खाली ठेवून खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं, असं बाईंना वाटलं.

मग ती हळूहळू बोलली. "टारफुला माहितीय ना तुम्हाला? ज्वारीच्या मुळांना चिकटून रस पिणारं तण. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. ज्वारी उपाशी असली की मुळांतून एक द्रव्य सोडून हाक मारते. ती हाक असते मातीतल्या चांगल्या बुरशीला, मला खायला आणून दे म्हणून. टारफुला ती ऐकतो आणि जागा होतो. आम्हाला तीच हाक लॅबमध्ये बनवायचीय. रिकाम्या शेतात ती शिंपडली, की बी जागं होईल आणि पीक न सापडल्यानं मरेल. त्यासाठी आधी खरी हाक पाहिजे. पोट भरलेलं रोप हाक मारत नाही, आई."

"मग आता गं?"

"मंथएण्डला प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या पॅनेलला रिझल्ट दाखवायचाय. नाही दाखवला तर माझं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही."

बाईंच्या मुलाचा, अपूर्वचा व्हिसाही सुनेच्याच व्हिसाला बांधलेला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बाईंना आपलीच लाज वाटली.

ऋजुतानं ज्वारीचं नवं बी पेरलं आणि कुंड्या बेडरूममध्ये न्यायला उचलल्या. तिथे ना ऊन, ना ऊब. बाई आडव्या आल्या. "इथेच ठेव. या वेळी नळाचं पाणी. माझ्यावर सोड."

सुनेनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कुंड्या परत खिडकीत ठेवल्या.

रोपं उगवली, फिकी पडली, पानांच्या कडा जांभळ्या झाल्या. बाई धुवणाचं पातेलं घेऊन भुरभुर पावसात मागच्या गुलाबाला घालून येत. अपूर्व हसायचा, "आई, गुलाबाला ढेरी सुटेल." बाईंना हसू येत नसे. खिडकीकडे पाठ करून त्या स्वयंपाक करत, आणि आपलं ताट उचलून जिन्याच्या पायरीवर जाऊन जेवत. भुकेल्यासमोर बसून खायची त्यांना सवय नव्हती.

ऋजुतानं कुंड्यांमधून निथळलेलं पाणी बाटल्यांत भरून लॅबला नेलं. पॅनेलच्या दिवशी ती घरी आली आणि कोट न काढताच तिनं फोनवरचा फोटो दाखवला. काळ्या कणांतून पांढरे धागे फुटले होते.

"बी जागं झालं, आई. आणि कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं."

बाईंच्या हातात तांदळाचं पातेलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, पण त्या बघत होत्या कुंड्यांकडे.

"ह्यांचं काम झालं ना?"

"झालं. वीकएण्डला कंपोस्टमध्ये टाकते."

"टाक. पण तोवर जेवू घालू का त्यांना?"

ऋजुतानं स्वतःच खिडकीवरच्या कुंड्या पुढे ओढल्या.

"घाला," ती म्हणाली.

बाईंनी धुवण एकेका कुंडीत सावकाश ओतलं. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी त्या स्वयंपाकघरात ताट घेऊन बसल्या.