तळाचा दाणा

नवरा गेल्यापासून अकोल्याच्या दालमिलवर पार्बताबाईंचाच शब्द चाले. तुरीचं पोतं आलं की बाई दाणा दाढेखाली धरत. कट्ट वाजला तर माल सुका, चपटला तर ओला. शाळा दुसरीतच सुटलेली, पण दाढेनं दिलेला निकाल वीस वर्षांत कुणी फिरवला नव्हता.

मग दात गेले, कवळी आली. वरची टाळूला धरून बसे. खालची मात्र दाणा दाबला की उचलून यायची. एकदा ती चारचौघांत घसरली नि माणसं फिदीफिदी हसली. आठवड्यात मुलगा गजेंद्र ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. "आई, तू आता आराम कर." तो आराम बाईंना विंचवासारखा डसला.

त्या तडक अमरावतीला नातीकडे गेल्या. प्रणालीनं दातांचा डॉक्टर गाठून दिला. त्यानं खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले. हाडात मुरायला तीन-चार महिने लागतील म्हणाला.

"लागू दे बाप्पा. पेरलं का दुसऱ्या दिवशी कोनी सोंगते काय?"

चार महिने बाई मऊ भातावर राहिल्या. मग डॉक्टरनं कवळीला आतून बटणं लावून ती स्क्रूंवर दाबली. टक्! बाईंनी जिभेनं ढकलून पाहिली. हलायचं नाव नाही.

त्या मिलवर परतल्या तेव्हा व्यापारी रामरावांची तूर उतरत होती. गजेंद्रनं पोत्याच्या तोंडचे दाणे यंत्रात घातले. "सुकी हाय. घेतो."

"थांब." बाईंनी कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा दाणा काढला.

"मावशी, कवळी सांभाळजा," रामराव हसले, "नाही तं पोत्यात हुडका लागन."

बाईंनी दाणा दाबला. तो चपटला, कवळी जागची हलली नाही.

"वरतून वाळली, खालून ओली. कोनाले शिकवून राहिले, रामराव?"

गजेंद्रनं तळाचे दाणे यंत्रात घातले. आकडा पाहून त्याचा चेहरा उतरला. रामराव दुसरीकडेच पाहू लागले.

"काय म्हनते तुहं यंत्र?"

"ओली म्हनते, आई."

"मंग ठेव त्याले. माह्याशी जुळते."

गजेंद्रनं पुढचं पोतं उघडलं, यंत्र बाजूला सारलं आणि मूठभर दाणे आईच्या तळहातावर ठेवले.

"हे वरचे हायेत," बाई कडाडल्या. "खालचे काढ!"