चढावर रखडणारा ट्रॅक्टर

गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर चढावर आला की गोगलगाय व्हायचा. माळ्याने तेल बदललं, पट्टा ताणला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी फिटर मेहुण्याला बोलावलं. तो बसला आणि ट्रॅक्टर सरसर चढला. माळी बसला, तर पुन्हा तेच रडगाणं.

"दाजी, यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही पेडल अर्धंच दाबताय."

"पूर्ण दाबतोय की रे!"

मेहुण्याने त्याचा बूट काढून तळव्याला गार पाना लावला. "लागतंय काही?"

माळ्याला काहीच जाणवलं नाही. साखर वाढली तर पाय बधिर होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते हेच.

"तुझ्या ताईला सांगू नकोस," तो कसाबसा म्हणाला.

मेहुण्याने ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली. माळ्याने ती मागितलीसुद्धा नाही.