हवेआधीची पंचवीस मिनिटं

सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या किल्लीवर मामांचा हात गेला, तेवढ्यात केमिस्टबाई टाकीच्या कठड्यावरून खाली उतरली. तिच्या हातातल्या बाटलीत गाळाचे दाणे होते. मोहरीएवढे, गोल, पिवळसर. अकरा महिने लागले होते ते धरायला. जंतूंची वस्तीच ती. सांडपाण्यातला फॉस्फरस पोटात घेणारी. पण महिनाभर बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या फॉस्फरसचा आकडा उतरत नव्हता, आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, शुक्रवारी एकाच्या खाली आला नाही तर टाकी रिकामी करा. फॉस्फरसनं शेवाळ माजून खालचं तळं हिरवं होण्याची वाट मी बघत बसणार नाही.

तिनं बाटली मामांसमोर धरली आणि लेकराचं कौतुक सांगावं तशी सांगू लागली. आधी यांना तासभर हवेवाचून ठेवायचं. तेव्हा हे अन्न साठवतात, फॉस्फरस बाहेर टाकतात. मग हवा लागली की टाकलेला तर घेतातच, वर आणखी ओढून घेतात.

"आणि हवा लवकर मिळाली तर?" मामांनी विचारलं.

"उपाशीच कामाला लागतात बिचारे. म्हणून तर टायमर लावलाय."

मामांनी हात खिशात घातला. त्यांची बत्तीस वर्षं जुन्या पद्धतीच्या, सतत हवा लागणाऱ्या टाक्यांवर गेली होती. पाणी निपचित दिसलं की ब्लोअर बंद पडला, आता वास सुटणार, हे अंगात मुरलेलं. म्हणून इथंही, तिची पाठ वळली की ते टायमर डावलून किल्ली फिरवायचे. पंचवीस मिनिटं आधी. आपण मदतच करतोय या समजुतीनं.

पुढचे चार दिवस जिवाला चैन नव्हतं. पाणी गप्प, मामांच्या येरझाऱ्या. पुसलेला कठडा पुन्हा पुसायचा. एकदा हात किल्लीकडे गेलाच. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून आणला. घरी बायको म्हणाली, हल्ली डोकं टाकीतच ठेवून येता का?

शुक्रवारी केमिस्टबाई कागद नाचवत आली. शून्य पॉइंट सात. मागोमाग साहेब. त्यांना एवढंच हवं होतं, की नेमकं काय बदललं. ती म्हणाली, देव जाणे, दाणे आपले आपणच सुधारले असतील.

मामांनी कमरेचा जुडगा काढला आणि त्यातली ब्लोअरची किल्ली नखानं सोडवू लागले. कडी घट्ट होती, वेळ लागला. मग ती किल्ली त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव, पोरी. चार दिवस मी हिला हात लावला नाही. एवढंच बदललं."

ब्लोअर सुरू व्हायला अजून अकरा मिनिटं होती. तिघंही घड्याळाकडे बघत उभे राहिले.