वेताच्या खुर्चीतला खळगा

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतात, असं मी ऐकून आहे. माझ्यासाठी मात्र आजवर कुणी साधं भांडलंही नाही. उलट मध्ये काही वर्षं अशी गेली, की माझ्यावर कुणी बसतच नव्हतं. त्या वर्षांचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मूळची मी पाणथळ रानातली. मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर चढत वाढले. एका कारागिराने मला तोडून आणलं, जाड वेत जाळावर शेकून वाकवले आणि माझा सांगाडा बांधला. मग वेताच्या सालीच्या चपट्या पट्ट्या भिजवून त्याने माझी बैठक विणली. ओल्या असतात तोवर या पट्ट्या हाताचं ऐकतात. वाळल्या की आखडून घट्ट बसतात. काम संपलं तेव्हा तो स्वतःच माझ्यावर धपकन बसला आणि म्हणाला, "जमली!" ती माझी पहिली शाबासकी.

मला घरी नेलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांची मुलगी घाऱ्या डोळ्यांची, म्हणून सगळे तिला घारीच म्हणत. खिडकीपाशी, उजेडात माझी जागा होती. मशीनवरचं काम उरकलं, की बाई माझ्यावर बसून काजं करत, बटणं लावत. घारी शाळेतून आली, की माझ्या डाव्या हातावर चढून बसे आणि वर्गातल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगे. तो हात अजूनही जरा झुकलेलाच आहे.

पुढे घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. रंगीत, हलक्या, एकीच्या डोक्यावर एक चढून बसणाऱ्या. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! पण बाईंनी मला अंतर दिलं नाही. "त्या मेल्यांना पाठ चिकटते," असं म्हणून त्या माझ्यावरच बसत.

घारी मोठी झाली आणि नोकरीसाठी दूर गेली. बाई आजारी पडल्या. मग त्या दिवसभर माझ्यावर बसून खिडकीतून रस्ता बघत राहत. माझ्या बैठकीत खोल खळगा पडला. एके दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. पावलांचा आवाज आला, की मला वाटे, आल्या. मला अजूनही कधीकधी तसं वाटतं.

घारीने मला तिच्या नव्या घरी आणलं. काय सुंदर घर होतं ते! जमिनीवर तागाचं जाजम, खिडक्यांना बांबूचे पडदे, कोनाड्यात मातीची भांडी. प्लॅस्टिकचा कपटासुद्धा शोधून सापडला नसता. पाहुणे माझे फोटो काढत आणि अशी खुर्ची कुठे मिळेल, म्हणून विचारत. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पण कुणी टेकायला गेलं, की घारी धावत येई. "तिच्यावर नका हं बसू!"

एकटी असली, की ती माझ्याजवळ बसकण मारून त्या खळग्यावरून हात फिरवी. पाण्याचा थेंबही ती मला लागू देत नसे. ओला झालेला वेत वाळताना आखडतो आणि खळगा भरून येतो, हे तिला ठाऊक होतं. इकडे मी कोरडी ठणठणीत पडत चालले होते. एक दिवस कट्‌कन एक पट्टी तुटली, मग दुसरी. घारीने घाबरून त्यांवर चिकटपट्टी लावली. अख्ख्या घरात तेवढंच प्लॅस्टिक, आणि तेही माझ्या अंगावर!

मग एकदा मावशी आली. बाईंची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ. आल्या आल्या ती माझ्यावर बसायला गेली.

"मावशी, नको!"

"का गं? मी काय एवढी जाड झालेय?"

"आईचा खळगा आहे तो. मोडेल."

मावशीने वाकून माझ्याकडे पाहिलं. चिकटपट्टीवरून बोट फिरवलं.

"अगं वेडाबाई, तुझ्या आईला खळगा डोळ्यांसमोर नको असायचा. दर रविवारी हिला उलटी करायची आणि खालून ओल्या फडक्यानं भिजवायची. म्हणायची, खुर्ची आहे की झोळी! तू तेव्हा खेळायला पळालेली असायचीस."

"मग हा कसा राहिला?"

"शेवटी शेवटी तिला ही उलटी करवेना," मावशी हळूच म्हणाली. "हा आजारपणातला आहे, घारे."

घारी उठली. तिने फडकं भिजवून आणलं. मला उलटी केली, चिकटपट्टी सोलून काढली आणि खालून पुसू लागली. पुसता पुसता ती हुंदके देऊन रडली. मावशीने तिला रडू दिलं.

संध्याकाळपर्यंत माझी बैठक ताठ झाली. बाईंची शेवटची खूण गेली होती. मला फार वाईट वाटलं, आणि किती दिवसांनी अंगात जीव आल्यासारखंही वाटलं. घारी आली ती सवयीने माझ्या डाव्या हातावरच टेकली.

"घोडी झालीस आता. नीट बस," मावशी म्हणाली.

घारी सरकून माझ्या बैठकीत बसली. मी जोरात करकरले.

तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी एका कारागिराने नव्या विणल्या आहेत. आता आठवडाभर घारी माझ्यावर बसते, तिचा खळगा पडतो, आणि रविवारी ती स्वतःच तो भिजवून घालवते. बाईंची आठवण येते तेव्हा मी त्या ओल्या फडक्याची वाट बघते.

मित्रांनो, वेताची, बांबूची, तागाची एखादी जुनी वस्तू तुमच्याही घरात असेल. तिचा फोटो मागाहून काढा. आधी तिला कामाला लावा. आणि ती खुर्ची असेल, तर तिच्यावर खुशाल बसा. ओझ्यावाचून आम्हाला करमत नाही.