साहेबांचा कान

वृक्ष-निरीक्षकाने लाकडी हातोडी खोडावर हलकेच आपटली आणि कान सालीला लावला. तळहाताला थरथर जाणवली, कानाला काहीच नाही. त्याने पुन्हा आपटली, जरा जोरात, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

शिरीषाच्या त्या झाडाखाली एका बाईचं शिवणयंत्र होतं. वीस वर्षं ती तिथे बसून लोकांच्या पँटी आखूड करत होती, चेनी बदलून देत होती. सावली फुकट होती म्हणून ती बसली आणि ती बसली म्हणून इतरही थांबू लागले: दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्या, घामाघूम झालेला पोस्टमन, बसची वाट पाहणारे. समोरच्या बँकेची नवी पाटी मात्र झाडामागे झाकली जात होती. बँकेने तक्रारीत पाटीचा उल्लेखही केला नव्हता. झाड पोकळ आहे, लोकांच्या जिवाला धोका आहे, एवढंच लिहिलं होतं. निरीक्षकाने ‘पोकळ’ लिहिलं की दोन दिवसांत करवत येणार होती.

खात्यात तपासणीचं यंत्र एकच होतं आणि ते मिळायला तीन महिने लागत. त्यामुळे साहेबांचा कान हेच यंत्र. भरीव आणि पोकळ झाडाचा आवाज ते झोपेतही ओळखतात, असं लोक म्हणत. तो कान दोन वर्षांपासून कामातून जात चालला होता, आणि हे निरीक्षकाने बायकोलाही कळू दिलं नव्हतं. निवृत्तीला दहा महिने होते. झाकली मूठ तेवढे दिवस झाकून न्यायची, एवढाच त्याचा बेत होता.

सुरुवातीला शंका आली की तो ‘भरीव’ लिहायचा. मग अशा एका झाडाची फांदी उभ्या गाडीवर कोसळली. गाडीत कोणी नव्हतं, पण दुधाने तोंड पोळलं ते पोळलंच. तेव्हापासून तो ताकही फुंकून पिऊ लागला: शंका आली की ‘पोकळ’. अशी सात झाडं गेली. मागच्या आठवड्यात तो त्यातल्या एका बुंध्यापाशी मुद्दाम गेला. बुंधा गाभ्यापर्यंत भरीव होता, किडीचं भोकसुद्धा नव्हतं. शेजारच्या लोखंडी बाकावर पूर्वी चार म्हातारे बसायचे. आता बाकाचा चटका बसत होता आणि ते चौघे कुठे बसतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी ऊन अडवायला खिडकीला चादर बांधली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी मागच्या रस्त्यावरच्या आणखी चार झाडांवर त्याने तांबड्या रंगाची फुली मारलीच. ती झाडं उद्या सकाळी तोडायची होती.

“काय म्हणतंय झाड?” शिवणवालीने विचारलं. तिच्या ओठांत टाचण्या होत्या.

“हो, ऊन फार आहे,” निरीक्षक म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो पुन्हा खोडाला कान लावून उभा राहिला, मग वैतागून वळला.

“बाई, मशीन जरा थांबवा. काही ऐकू येत नाही.”

तिने ओठांतल्या टाचण्या काढल्या.

“तुम्ही आलात तेव्हाच थांबवलंय, साहेब.”

त्याने यंत्राच्या चाकाकडे पाहिलं. चाक स्थिर होतं. रागवायचं असेल तर हीच वेळ होती, पण त्याला राग आला नाही. उलट, दोन वर्षं धरून ठेवलेलं ओझं कोणीतरी खाली ठेवायला लावावं तसं त्याला वाटलं.

“द्या इकडे,” तिने हात पुढे केला. “मशीनच्या आवाजावरून कुठला स्क्रू ढिला झालाय ते सांगते मी. हे तर लाकूड आहे.”

त्याने हातोडी दिली. ती खोडाभोवती फिरू लागली. तो तिच्या तोंडाकडे बघत मागोमाग चालला.

“भरीव. इथेही भरीव.”

बसथांब्याच्या बाजूला तिने एकदा ठोकलं. पुन्हा ठोकलं. आणि थांबली. इथेही ‘भरीव’ म्हणाली असती तर तिची जागा शाबूत होती आणि विचारणारं कोणी नव्हतं. थांब्याच्या बाकड्यावर एक म्हातारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शिवणवालीने तिच्याकडे पाहिलं आणि मग निरीक्षकाला ओठ दिसतील अशी वळली.

“इथे पोकळ आहे. वीतभर. बाकी सगळं भरीव आहे.”

त्याने खाली बसून अर्ज भरायला घेतला. ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालू लागली. घड्या नीट पडत नव्हत्या.

“हे काय करताय?”

“करवत येण्याआधी आवरायला नको?”

“वीतभर पोकळीसाठी झाड तोडत नाहीत,” तो म्हणाला. “त्या बाजूच्या दोन फांद्या उतरवायच्या, बाकडं पलीकडे सरकवायचं आणि तपासणीचं यंत्र येईपर्यंत वाट बघायची.”

ती घडी हातात धरून तशीच स्टुलावर बसली.

अर्जाच्या शेवटी ‘तपासणी कोणी केली’ अशी ओळ होती. तीस वर्षं ती ओळ त्याने न बघता भरली होती. आज पेन थांबलं. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सावकाश आपलं नाव लिहिलं. मग कागद परत घेऊन त्याने त्याखाली लिहिलं: ‘निरीक्षकाला ऐकू येत नाही. फुली मारलेली झाडं पुन्हा तपासल्याशिवाय तोडू नयेत.’ आणि सही केली.

तिने ते वाचलं.

“हा कागद साहेबलोकांपर्यंत कधी पोचणार?”

“परवा.”

“आणि ती झाडं?”

“उद्या सकाळी.”

तिने टाचण्या उशीत खोचल्या, यंत्रावर कापड टाकलं आणि हातोडी उचलली. चार पावलं जाऊन ती थांबली आणि त्याच्याकडे तोंड करून तिने विचारलं, “भरीव निघाली तर फुली कशाने पुसायची?”

“टर्पेंटाइनने,” निरीक्षक म्हणाला आणि तिच्यामागून निघाला.