मंचाखालची खोली

रिकाम्या खोक्यांच्या आडून तो वाकून आत शिरला, गुडघ्यांवर थोडा पुढे सरकला आणि प्लायवूडचं दार मागे ओढून घेतलं. आत ताठ उभं राहायची सोय नव्हती. एकावर एक मांडलेले दोन कीबोर्ड, एक बुटकं स्टूल, पाण्याची बाटली, घरघरणारा पंखा आणि समोर ताटलीएवढा पडदा. त्याने हेडफोन कानांवर चढवले. डोक्यावरच्या फळ्या हादरल्या, म्हणजे ड्रमवाला जागेवर येऊन बसला. मग पडद्यावर दोन हात दिसले. उजव्या हाताने डाव्याला मनगटाशी धरून उचललं, कीबोर्डवर नीट ठेवलं आणि स्वतःही शेजारी टेकला.

ते हात थोरल्यांचे होते.

थोरले म्हणजे बँडचे अगदी पहिल्यापासूनचे कीबोर्डवादक. बँडची निम्मी गाणी त्यांच्या सुरावटीने सुरू व्हायची, आणि ती सुरू झाली की लोक खुर्च्यांवर चढायचे. गेल्या वर्षी त्यांना झटका आला. डावा हात लुळा पडला, उजवा हलायचा पण बोटांत जीव राहिला नाही. त्यांच्याशिवाय दौरा म्हणजे अर्धी तिकिटं पडून राहणार. तेव्हा मॅनेजरने तोड काढली. हा मॅनेजर गायकाचा सख्खा मामा, त्यामुळे तो सगळ्या बँडचाच मामा झाला होता. मामा म्हणाला, दादांनी, म्हणजे थोरल्यांनी, वर दिव्यांखाली बसायचं, तार न जोडलेल्या कीबोर्डवर. वाजवणारा मंचाखाली बसेल. दादांच्या हातांवर एक कॅमेरा लावू, म्हणजे खालच्याला कधी सुरू करायचं, कधी थांबायचं ते दिसेल.

वाजवणारा कोण, याचा विचार कुणाला करावाच लागला नाही. सरड्याला बोलवा, सगळे एकदमच म्हणाले.

सरडा हे त्याचं स्टुडिओतलं नाव. मागतील तो रंग तो तिथल्या तिथे देई. कुणी म्हणायचं, दारू प्यायलेला पियानो हवा. कुणी म्हणायचं, ऑर्गन असा पाहिजे की ओल्या लाकडाचा धूर यावा. तो ‘हं’ म्हणायचा आणि दुसऱ्या खेपेला धूर यायचा. सकाळी बिस्किटांच्या जाहिरातीची धून, दुपारी छाती फाडून ओरडणाऱ्या पोरांचं रॉक, संध्याकाळी एखाद्या गायिकेचं रडवं गाणं, आणि प्रत्येक ठिकाणी तो जन्मभर तेवढंच करत आल्यासारखा वाजवायचा. त्याचा एक किस्सा सगळ्या स्टुडिओंत फिरला होता. एका बँडचा कीबोर्डवाला भांडून निघून गेला, उरलेली गाणी सरड्याने त्याच्या ढंगात वाजवून दिली. पुढे त्या भांडकुदळाने ती ऐकली आणि विचारलं, “अरे, हे मी कधी वाजवलं होतं?” हा किस्सा निघाला की सरडाही हसायचा. बायकोला मात्र ते नाव मुळीच आवडत नसे. “माणसाला सरडा काय म्हणतात,” ती म्हणायची, “आणि तू ओ देतोस!”

मग कामं कमी होत गेली. एका कंपनीने त्याला बसवून त्याचे सगळे रंग एकेक करून टिपून घेतले होते. आता तोच ओल्या लाकडाचा धूर कुणीही घरबसल्या संगणकातून काढत होतं. फोन वाजायचा थांबला होता अशा दिवसांत मामाचा फोन आला. एकच अट होती. हे कुणाला कळता कामा नये. आईला नाही, बायकोलासुद्धा नाही.

त्याने बायकोला सांगितलं की तो ड्रमच्या मागे, अंधारात बसतो. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावता लावता तिने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं की आमचे हे कुठल्या बँडबरोबर वाजवतात.

सुरुवातीला त्याला गंमत वाटली होती. थोरल्यांची प्रत्येक लकब त्याने उचलली. सूर लागायच्या आधीचं ते किंचित रेंगाळणं, तानेच्या शेवटी बोट उचलायला होणारा उशीर, सगळं. पण हळूहळू पडद्यावरचे हात त्याच्या डोक्यात मुक्कामाला आले. घरी दुसरं काही वाजवायला बसला तरी तेच रेंगाळणं. एकदा जेवताना बायको त्याच्याकडे बघत राहिली.

“हात दुखतोय का रे?”

“नाही. का?”

“मग तो असा उचलून काय ठेवतोयस?”

त्याने खाली पाहिलं. त्याच्या उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरलं होतं.

त्याच आठवड्यात तो मामाकडे गेला. मामा टेबलावर दौऱ्याचा नकाशा पसरून बसला होता.

“दुसरा कुणी बघा मामा. मला आता होत नाही.”

“दुसरा आहे कुठे?” मामा नकाशावरून नजर न काढता म्हणाला. “आणि समजा मिळाला. त्याला सांगायचं, म्हणजे आणखी एक तोंड. तू गेलास तर दादा घरी बसतील. ते घरी बसले तर ड्रमवाला, गिटारवाला, दिवेवाले, सगळेच घरी. त्यांना तू सांगशील?”

मामाने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि बोटाने नकाशावरचं पुढचं गाव दाखवलं.

मोठा सोलो कार्यक्रमाच्या मध्यावर येई. बाकी सगळे वाद्यं उतरवून बाजूला व्हायचे, ड्रम तेवढा हलकेच चालू, आणि थोरले एकटे. रेकॉर्डवर होता तसाच सरडा तो खालून वाजवायचा, कारण लोकांना तो पाठ होता. त्या संध्याकाळी त्याने सुरुवात तशीच केली. मग वळणावर त्याची बोटं वळलीच नाहीत, सरळ पुढे गेली. कुठे चाललोय हे त्यालाही कळत नव्हतं. पडद्यावरचा उजवा हात गोंधळून हवेत थांबला, मग अंदाजाने इकडेतिकडे फिरू लागला. वर टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा तो घामाने चिंब झाला होता.

कार्यक्रम संपल्यावर दारावर टकटक झाली. मामा असणार, म्हणून त्याने चेहरा ओशाळा करून दार उघडलं. बाहेर थोरले उभे होते. ते कधीच इथे आले नव्हते. एका हाताने चौकट धरून ते खाली वाकले आणि मोठ्या मुश्किलीने उंबऱ्यावरच बसले.

“काय वाजवलंस आज?” त्यांची जीभ अजून थोडी जड होती.

“चुकलो दादा. बोट घसरलं.”

“एवढा वेळ घसरत होतं?”

तो हसला. थोरलेही हसले, तोंडाच्या एका बाजूने. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर त्यांचा रिकामा कीबोर्ड दिसत होता.

“एवढंच दिसतं होय रे तुला? नुसते हात?”

“हो.”

“तोंड नाही?”

“तोंड नाही दिसत.”

“बरंय.” त्यांनी घरघरणारा पंखा जरा स्वतःकडे वळवला. “लहान पोरं खोटा फोन कानाला लावून बोलतात ना, तसा बसतो मी वर. आणि लोक माझ्या नावाने ओरडतात. मामाला म्हटलं, पुरे आता. तर म्हणतो, दादा, बाकीच्यांच्या पोटाकडे बघा.”

“मलाही तेच म्हणाला.”

“म्हणणारच.” थोरल्यांनी डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “उद्या तुझंच वाजव. आजचं होतं ते. मी हात उचलणार नाही. असे मांडीवर ठेवून बसेन.”

“लोकांना कळेल, दादा.”

“कळू दे ना. एकदा कळलं की संपलं. तू सुटशील, मी सुटेन. पुढचं मामा बघेल.”

उद्याचा कार्यक्रम दुपारचा होता, आणि त्याच्याच शहरात. बायको येणार होती. सकाळी निघताना त्याने तिला सांगितलं, “पुढच्या रांगेत बस. अगदी मधे.”

“तू मागे असतोस ना? मग पुढून काय दिसणार?”

“बस तर खरं.”

दुपारी त्या खोलीत त्याला नेहमीसारखं गुदमरल्यासारखं झालं नाही. गाणी एकामागून एक झाली. मग बाकीची वाद्यं थांबली, ड्रम हलका झाला आणि पडद्यावर थोरल्यांनी उजव्या हाताने डावा उचलला, मांडीवर ठेवला, त्यावर उजवा ठेवला. दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या माणसासारखे ते हात दिसत होते. कीबोर्ड मोकळा पडला होता.

क्षणभर त्यालाच काही सुचेना. इतके महिने ते हात हलले की त्याचे हलत. मग त्याने डोळे मिटले आणि एक सूर दाबला. दुसरा. कालचं जसंच्या तसं आठवलं नाही, पण त्याच्या आसपासचं काहीतरी बोटांखाली आलं, आधी चाचपडत आणि मग धावत. ना दारू, ना धूर. तो कुणासारखंच वाजवत नव्हता. मधेच त्याने डोळे उघडले. हात मांडीवरच होते. आता वर कुणीतरी ओरडेल, शिट्टी मारेल, ड्रम अडखळेल म्हणून तो हेडफोन किंचित सरकवून ऐकू लागला.

वर लोक ठेक्यात टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाढत गेल्या. सोलो संपला तेव्हा फळ्यांमधून धूळ पडेल असा गलका झाला, आणि त्या गलक्यात सगळे मिळून थोरल्यांचं नाव घेत होते. नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. बऱ्याच वेळाने पडद्यावरचा उजवा हात हलला. त्याने डाव्याला मनगटाशी धरून उचललं आणि पुढच्या गाण्यासाठी परत पट्ट्यांवर नेऊन ठेवलं.

कार्यक्रम संपताच दारातून मामाचं डोकं आत आलं.

“काय जमलं होतं रे आज! पुढच्या दौऱ्यात हाच सोलो ठेवायचा. दादांनाही सांगतो.”

“दादांचे हात बघितलेत?”

“का? काय झालं?” मामाचा चेहरा उतरला. “दुखायला लागला का पुन्हा?”

“नाही,” तो म्हणाला. “काही नाही.”

तो बाहेर आला. सामान चढवायचं मोठं दार उघडं होतं आणि तिथून उन्हाचा पट्टा थेट आतपर्यंत आला होता. दारापाशी थोरल्यांभोवती फोटो काढणाऱ्यांचा गराडा पडला होता. माणसांच्या डोक्यांवरून दोघांची नजरानजर झाली. थोरल्यांनी उजवा खांदा जरासा उडवला, मग कुणीतरी त्यांना इकडे बघा म्हणालं आणि ते तिकडे बघून हसले.

बायको त्याला शोधत मंचामागे आली. तिचे गाल लाल झाले होते.

“काय मस्त झालं रे! तो मधला तुकडा तर... काटा आला अंगावर.”

“तेव्हा त्यांचे हात बघितलेस?”

“मी कशाला बघू त्यांचे हात?” ती म्हणाली. “मी सगळा वेळ तुला शोधत होते. ड्रमच्या मागे, त्या काळ्या कापडापाशी. मान अवघडली माझी. होतास कुठे तू?”

त्याने तिच्या खांद्यावरची पर्स सरळ केली.

“खाली.”

“खाली म्हणजे?”

त्याने तिला रिकाम्या खोक्यांच्या आड नेलं आणि प्लायवूडचं दार उघडलं. ती वाकली, एक हात जमिनीला टेकून आत गेली आणि स्टुलावर बसली. तिने पंखा बघितला, बाटली बघितली, मग पडद्याकडे बघत राहिली. तिथे एक कामगार फडक्याने थोरल्यांचा कीबोर्ड पुसत होता.

“पहिल्या दिवसापासून?” तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

“दार लाव जरा.”

“नको. गुदमरशील.”

“लाव रे.”

त्याने दार ओढून घेतलं आणि बाहेर गुडघ्यांवर बसून राहिला. आतून पट्ट्या दाबल्याची खटखट येऊ लागली. एक, मग दुसरी, सावकाश. तिने हेडफोन घातले असणार, म्हणजे तिला सूर ऐकू येत असणार. बाहेर नुसती खटखट. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, सरड्या, खोकी उचलायला हात लाव. त्याने ओ दिली नाही.